तेच एकशे पाच घोडे, चाली दोन

जुन्या गाड्यांच्या आवारात पांढऱ्या रंगाच्या दोन पोलो जीटी शेजारी शेजारी लावलेल्या असल्या, की समोरून पाहून कुठली कोणती ते सांगता येत नाही. जाळी तीच, दिवे तेच, दार लावताना होणारा तो भरीव आवाजही तोच. मागे जाऊन डिकीवरची अक्षरं वाचावी लागतात: एकीवर टीएसआय, दुसरीवर टीडीआय. चावी फिरवली की मात्र अक्षरांची गरज उरत नाही. टीडीआयच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तळव्याला बारीक थरथर लागते आणि बोनेटखालची खडखड काच वर केली तरी पुरती थांबत नाही. टीएसआय सुरू झाली की नाही हे कळायला आरपीएमच्या काट्याकडे पाहावं लागतं. टीएसआय पेट्रोलची, टीडीआय डिझेलची, अशा या दोन बहिणी. २०१३ साली दोघी बाजारात आल्या तेव्हा दोघींची ताकद कागदावर एकच होती, १०५ अश्वशक्ती. तरीही सेकंड हँड घ्यायला निघालेला माणूस या दोघींपुढे आठवडेच्या आठवडे घुटमळतो. ते घुटमळणं मला वायफळ वाटत नाही. वरवर तो इंधनाच्या दराचा हिशेब असतो. खोलात गेलं तर आपले रोजचे रस्ते कसे आहेत आणि आपल्याला वेग कुठल्या रूपात आवडतो, याचा शोध असतो.

ही गाडी तशी आपल्या अंगणातली. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये उभा राहिला, पोलो तिथेच बनू लागली आणि २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबेपर्यंत तिथेच बनत राहिली. ‘हॉट हॅच’ म्हणतात ती गंमत म्हणजे घरगुती आकाराच्या छोट्या गाडीत तिच्या वजनाला भारी पडेल असं इंजिन बसवायचं. युरोपात ही कल्पना रुजली ती १९७६ च्या गोल्फ जीटीआयपासून. आपल्याकडे ती उशिरा आणि तुटक तुटक आली. २०१६ मध्ये खरीखुरी पोलो जीटीआय भारतात आली खरी, पण २५ लाखांच्या पुढे आणि तीही मोजक्याच संख्येने. २०२५ मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयची किंमत तर ५३ लाखांच्या घरात. त्यामुळे पगारावर जगणाऱ्या शौकिनासाठी हॉट हॅच म्हणजे बहुतेक वेळा जुनी गाडीच. रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो ही एक, आणि सहज सापडणारी, सुटे भाग मिळणारी दुसरी म्हणजे पोलो जीटी. यातली पोलो दोन्ही इंधनांत मिळते, म्हणून पेच तिच्यापाशीच पडतो.

डिझेलमध्ये मौज असू शकते हे आपल्या मनाला पटायला वेळ लागला. मराठी कानाला डिझेलचा आवाज कामाचा म्हणून ओळखीचा आहे. विहिरीच्या काठावर चालणारं किर्लोस्करांचं इंजिन, पहाटे डेपोतून निघताना गुरगुरणारी एसटी, उसाचा ट्रॅक्टर. डिझेलने ओढायचं, पेट्रोलने मिरवायचं, अशी वाटणी होऊन गेली होती. पण यंत्राच्या अंगाने पाहिलं तर ही वाटणी पक्की नाही. गोल्फच्या जीटीआयला जीटीडी ही डिझेल जोडीदारीण १९८२ मध्येच मिळाली होती. २००६ मध्ये ऑडीच्या डिझेल गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिथे डिझेल पहिल्यांदाच अव्वल आलं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि फवारलेलं इंधन पेट घेतं. हा दाब सोसायला इंजिन जाड आणि जड करावं लागतं, त्याचीच ती खडखड. त्या दाबातूनच डिझेलला कमी इंधनात जास्त काम उरकण्याची हातोटीही मिळते. म्हणजे जो आवाज आपल्याला खटकतो आणि जी काटकसर आपल्याला हवी असते, ती दोन्ही एकाच पोटची.

आता ती कागदावरची बरोबरी जरा जवळून पाहू. अश्वशक्ती दोघींची सारखी, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, टीएसआयचा १७५ न्यूटन मीटर आणि टीडीआयचा २५०. ताकद म्हणजे जोर आणि फेऱ्यांची गती यांचा गुणाकार. डिझेल जास्त जोर लावून कमी फेऱ्यांत १०५ चा आकडा गाठते; पेट्रोल कमी जोराने जास्त फेरे घेऊन तिथेच पोचते. आंबोलीचा घाट सावंतवाडीच्या बाजूने चढताना हा फरक पायाला कळतो. टीडीआय दोन हजार फेऱ्यांच्या आसपास टर्बोचा श्वास भरून घेते आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये मालवाहू ट्रकला ओलांडून जाते, गिअर उतरवायची वेळच येत नाही. पण वळण संपताना फेरे पंधराशेच्या खाली गेले असतील तर क्षणभर काहीच घडत नाही. एक्सलरेटर दाबलेला, गाडी थबकलेली. तो क्षण ओळखून आधीच गिअर उतरवणं हीच डिझेल चालवण्याची कला. टीएसआयचा जोर कमी असला तरी तो लवकर हजर होतो आणि बराच वेळ टिकतो. तिचं नाक हलकं, त्यामुळे वळणात गाडी चटकन आत शिरते, आणि काटा पाच हजारांच्या पुढे सरकत असताना इंजिनाचा सूर चढत जातो. तो सूर डिझेलपाशी नाही. विलंबित आवडणाऱ्याला द्रुत कमी आवडतं असं नसतं, पण रोज ऐकायला काय हवं ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. जुनी हॉट हॅच निवडताना लोक आधी लिटरचा भाव विचारतात, मग ॲव्हरेज, मग रनिंग. हा क्रम उलटा करायला हवा. आधी आपला रस्ता पाहावा, मग आधीच्या मालकाचा रस्ता, आणि भाव शेवटी. लिटरच्या भावाला पहिला मान मिळाला तो एका विशिष्ट काळात, आणि तो काळ सरला आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे होतं आणि डिझेल ४१ च्या आत. पेट्रोलचे दर २०१० मध्येच मोकळे झाले होते, डिझेलवर सरकारचा हात होता. जीटीची ही जोडी बाजारात आली ती या तफावतीच्या सावलीत. कंपनीच्या कागदावर टीएसआय लिटरमागे साधारण १७ किलोमीटर जाते आणि टीडीआय २०. त्या दरांनी डिझेलचा किलोमीटर पेट्रोलच्या निम्म्याहूनही स्वस्त पडला असता. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलही मोकळं झालं. २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं गेलं. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ ते १०४ रुपये आणि डिझेल ९० च्या आसपास होतं. या दरांनी डिझेलचा किलोमीटर पेट्रोलच्या तीन-चतुर्थांश भावात पडतो. फायदा उरला आहे, पण डोळे झाकून डिझेल घ्यावं इतका उरलेला नाही.

यावर कुणी म्हणेल की तीन-चतुर्थांश म्हणजे काय थोडं झालं? थोडं नाहीच. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी फिरत असेल तर वरच्या आकड्यांनी १९,००० रुपयांच्या आसपास वाचतात. शहराच्या गर्दीत पेट्रोलचं ॲव्हरेज जास्त घसरतं, तेव्हा हा आकडा आणखी वाढतो. ज्याला दर आठवड्याला पुण्याहून कोल्हापूर किंवा नाशिक गाठायचं आहे, त्याने हा हिशेब मनावर घ्यावा. त्याच्यासाठी टीडीआय आजही शहाणपणाची निवड आहे. पण हॉट हॅच घेणाऱ्यांतले कितीतरी जण ती सुट्टीच्या दिवसासाठी, घाटासाठी, कधी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यासाठी घेतात. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत ८,००० च्या आसपास येते. आणि या गाड्या आता नव्या नाहीत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू झाला आणि पोलोमधलं डिझेल कायमचं बंद झालं. म्हणजे बाजारातली प्रत्येक टीडीआय त्याआधीची. या वयात इंजेक्टर, टर्बो, क्लच आणि टायमिंग बेल्ट यांची पाळी येते, आणि यातल्या एखाद्याच मोठ्या कामात अशा कित्येक वर्षांची बचत निघून जाते. कमी फिरणाऱ्याने काटकसरीसाठी डिझेल घेणं म्हणजे न होणाऱ्या प्रवासाचे पैसे आधीच वाचवून ठेवण्यासारखं आहे.

आता आधीच्या मालकाचा रस्ता. सेकंड हँड बाजारात रनिंगचा आकडा देवासारखा पुजला जातो: कमी तेवढं चांगलं. डिझेलच्या बाबतीत हा समज पुष्कळदा उलटा पडतो. डिझेल इंजिन सावकाश तापतं. घर ते ऑफिस चार किलोमीटर आणि परत चार, अशा फेऱ्यांत ते कामाच्या उष्णतेला पोचायच्या आतच बंद होतं. अशा वापरात इंजिनात परत फिरवलेल्या धुराची काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये आणि हवेच्या वाटेत साचत जाते. जोर हळूहळू उतरतो आणि मालकाला त्याची सवय होऊन जाते. आठ वर्षांत ३०,००० किलोमीटर चाललेल्या टीडीआयपेक्षा महामार्गावर लाखभर चाललेली, वेळेवर तेल बदललेली टीडीआय आतून अधिक निरोगी असू शकते. हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही, पाहून ठरवता येतं. गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जावं. पोचल्यावर बोनेट कोमट लागलं तर ती आधीच कुणीतरी सुरू करून ठेवली आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. स्टिअरिंगचं चामडं घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी घासून गुळगुळीत झालंय का, क्लचच्या पेडलचं रबर झिजलंय का, आणि मीटरचा आकडा मात्र कोवळा दिसतोय का? चामडं आणि रबर मीटरइतक्या सहजी मागे फिरवता येत नाहीत. सर्व्हिसच्या नोंदींत दोन तारखांमध्ये किती किलोमीटर पडले हे वाचलं, तर आधीचा मालक कुठल्या रस्त्याचा माणूस होता ते उलगडतं.

इथे एक जुनी म्हणण्याजोगी शिकवण आडवी येते: गावात पेट्रोल, महामार्गावर डिझेल. ती बरीचशी खरी आहे, पण या गाडीपुरती अपुरी आहे. कारण भारतात पोलो जीटीमध्ये इंधन निवडलं की गिअरबॉक्सही आपोआप निवडला जात असे. टीएसआयला सात गिअरांची डीएसजी, म्हणजे दोन क्लचांची स्वयंचलित पेटी. टीडीआयला पाच गिअरांची हाताने टाकायची. पायाखाली तिसरं पेडल हवं असणाऱ्याने पेट्रोल आवडत असूनही डिझेल घेतलं, अशी उदाहरणं त्यामुळेच घडली. आणि ही डीएसजी कोरड्या क्लचांची आहे. मोकळ्या रस्त्यावर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत गिअर बदलते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत गाडी फूट फूट सरकते तेव्हा मात्र तिचे क्लच सतत अर्धवट लागलेले राहतात आणि तापतात. तिच्या मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलण्याचं नियंत्रण करणाऱ्या भागाच्या तक्रारी जगभर झाल्या आणि २०१३ मध्ये कंपनीने या पेटीच्या गाड्या मोठ्या संख्येने तेल बदलायला परत बोलावल्या. म्हणजे गर्दीत टीएसआयचं इंजिन खूश आणि पेटी नाखूश. यातून डीएसजीला घाबरून पळावं असा अर्थ मी काढत नाही. चढावर उभी करून पहिल्या गिअरमध्ये ती धक्के देते का, रिव्हर्स पडायला अडते का, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरते का, हे अर्ध्या तासात कळतं, आणि कंप्युटर लावून तिच्या आतल्या नोंदी वाचता येतात. आणखी एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारावा: गाडी रिमॅप केली आहे का? ही पेटी २५० न्यूटन मीटरच्या मर्यादेसाठी बनवलेली आहे. सॉफ्टवेअर बदलून टीएसआयचा जोर वाढवला, की नवी ताकद सगळ्यात आधी जाणवते ती पेटीला.

डिझेलवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप पैशाचा नाहीच, हवेचा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीच्या खोलीत एक आणि रस्त्यावर दुसरंच वागतात. त्याच वर्षी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. ज्या इंजिनांच्या घराण्यावर हा ठपका आला, त्याच घराण्यातली टीडीआय आहे. तिला घेणाऱ्याने ती दुरुस्ती झाली आहे का हे जरूर पाहावं. डिझेल कमी इंधन पितं म्हणून ते निसर्गाला जास्त मानवतं, हा युक्तिवादही तपासून घ्यावा असा आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोल जळलं की २.३ किलो. २० आणि १७ च्या ॲव्हरेजने भागलं तर दोघींचाही आकडा किलोमीटरला १३५ ग्रॅमपाशी येऊन थांबतो. तिथे बरोबरी. मग उरतात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी, आणि तिथे जुनं डिझेल उघडउघड हरतं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. शाळा सुटायच्या वेळी गल्लीत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी कुठल्या इंधनाची आहे, याने पदपथावरच्या मुलांना फरक पडतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याने जुनं डिझेल घेऊ नये असं मी म्हणतो, तेव्हा ही बाब माझ्या मनात टर्बोच्या खर्चाच्या आधी असते.

कायद्याचा कलही तिकडेच आहे. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवू नये, असं हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. अंमलबजावणी कधी कडक, कधी ढिली होत राहिली, तरी तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत स्वस्तात येतात आणि डीएल पासिंगची देखणी टीडीआय इथल्या ग्राहकाला मोह घालते. स्वस्ताईचं कारण गाडीत नसून तिच्या गावात असेल, तर सौदा चांगलाही ठरतो. फक्त ती गाडी दिल्लीच्या गर्दीत वाढली आहे हे विसरू नये. पेट्रोलच्या बाजूलाही निश्चिंती नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यातलं काही आपल्याच उसातून आलेलं असतं आणि साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, हे मान्य. पण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे टीएसआयचं ॲव्हरेज थोडं उतरणारच. आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, म्हणून ते मेकॅनिकला दाखवून घेणं बरं. वरचा हिशेब करताना ही वजाबाकीही धरायला हवी.

सगळं मांडून झाल्यावर मी कुठे उभा आहे? ज्याचे रस्ते लांब, सलग आणि मोकळे आहेत, ज्याला हाताने गिअर टाकण्यात रस आहे आणि ज्याला महामार्गावर चाललेली, कागदपत्रं चोख असलेली गाडी सापडली आहे, त्याने टीडीआय घ्यावी आणि तिच्या त्या ओढीचा मनापासून आनंद घ्यावा. बाकीच्यांसाठी, म्हणजे शहरात राहून अधूनमधून ताम्हिणी-वरंधाकडे वळणाऱ्या बहुतेकांसाठी, निगुतीने वापरलेली टीएसआय मला उजवी वाटते. आणि रोजची वाट अगदीच रांगेतली असेल तर २०२० नंतरची एक लिटरची टीएसआय, जिच्यात ती कोरडी पेटी नाही आणि एका आवृत्तीत सहा गिअरांचं मॅन्युअलही आहे. पण या उत्तरांपेक्षा मला तो प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. भावापासून सुरुवात केली की गाडी केवळ खर्चाची बाब होऊन बसते. रस्त्यापासून सुरुवात केली की माणूस स्वतःच्या आठवड्याकडे प्रामाणिकपणे पाहतो: किती वेळ रांगेत जातो, किती वेळ वळणावर, आणि मनातल्या मनात किती वेळ आपण त्या घाटात असतो जिथे प्रत्यक्षात वर्षातून फार थोड्या वेळा जाणं होतं. हॉट हॅच ही त्या मनातल्या घाटासाठीच घेतली जाते. अशी निवड पुढच्या पिढीला करावी लागणार नाही. डिझेलची नवी हॅचबॅक म्हणून टाटांची आल्ट्रोज जवळजवळ एकटी उरली आहे आणि विजेच्या गाडीत तर जोर पहिल्याच क्षणी हजर असतो, श्वास भरून घ्यायचा थांबाच नाही. सगळ्याच गाड्या एकाच चालीने धावू लागतील तेव्हा आपली चाल कोणती, हे माणसाने कशावरून ओळखायचं, याचं उत्तर अजून कुणापाशी दिसत नाही.